चकवा आणि नकाशा

सत्तरी तालुक्यात माझे आजोळ. लहानपणी मे महिन्यात तिथे गेलो की आजी एक गोष्ट हमखास सांगायची. रानात माणसाला चकवा लागतो. रोजची पायाखालची वाट अचानक अनोळखी होते, माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. यावर उपाय काय, तर अंगातला सदरा काढून उलटा घालायचा. आम्ही मुले दिवसाढवळ्या कुळागरात जातानासुद्धा सदऱ्याची शिवण चाचपून बघायचो.

पुढे सरकारी नोकरीत लागलो, आणि तीही जमिनीच्या कागदपत्रांची. एक-चौदाचे उतारे, सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, फेरफार यांच्यात वर्षे गेली. साधारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन शेजाऱ्यांच्या हद्दीच्या वादात स्थळपाहणीसाठी आम्ही तिघे जण सत्तरीतल्या एका डोंगरावर गेलो होतो : मी, सर्व्हेअर आणि शिपाई. काजूची भाटे संपून रान लागले. हातात नकाशा होता, शिक्क्याचा, सहीचा, सर्टिफाइड कॉपी. दोन तासांत एका वारुळापाशी आम्ही तीन वेळा आलो. तिसऱ्या खेपेला शिपाई खालीच बसला. तेवढ्यात गुरे घेऊन जाणारा एक म्हातारा दिसला. आमच्याकडे आणि त्या कागदाकडे आळीपाळीने बघत तो म्हणाला, "चकवो लागलो मरे तुमकां?" आणि काही न विचारता पुढे चालू लागला. आम्ही त्याच्या मागून निघालो. दहा मिनिटांत डांबरी रस्ता!

घरी आल्यावर तो नकाशा पुन्हा उघडला. त्यात काही चूक नव्हती. सर्व्हे नंबर बरोबर, हद्दीच्या रेषा बरोबर. फक्त डोंगर नव्हता. चढ नाही, ओहोळ नाही, वारूळ तर नाहीच. जमीन कुणाची, हे त्या कागदाला ठाऊक होते. जमीन कशी आहे, ते मुळीच ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर हा दोष त्या कागदाचा नव्हे, तो ज्या कामासाठी काढला ते काम तो चोख करतो.

त्या दिवसापासून नकाशांविषयी मिळेल ते वाचायचा नाद लागला. वाचता वाचता एक दिवस ओरिएंटिअरिंग या खेळाशी येऊन ठेपलो. वाचकांपैकी कुणी एनसीसीत असतील किंवा फौजेतून निवृत्त झालेले असतील, तर त्यांनी हे नाव ऐकले असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अनोळखी जंगल. धावपटूच्या एका हातात नकाशा, दुसऱ्यात होकायंत्र. नकाशावर काही जागा गोल करून दाखवलेल्या, त्यांना कंट्रोल म्हणतात. प्रत्यक्ष जंगलात त्या त्या जागी पांढरी-नारिंगी तिकोनी कापडी खूण टांगलेली. दिलेल्या क्रमाने प्रत्येक खुणेपाशी जायचे, तिथे आल्याची नोंद करायची आणि सगळ्यांत आधी परत यायचे. दोन खुणांमधला रस्ता कुणी सांगत नाही. डोंगरावरून जा, नाही तर वळसा घालून जा, तुमची मर्जी. नकाशा मिळतो तो धावायला सुरुवात करतानाच. म्हणजे चकवा लागेल अशा ठिकाणी मुद्दाम जाऊन, चकवा लागू न देता जीव तोडून धावायचे. आजीला हे सांगितले असते तर तिने देवाला नारळ बोलला असता.

या खेळाचा जन्म नॉर्वे-स्वीडनमधला, आणि तोही लष्करी छावणीतला. सैनिकाला नकाशा वाचता यावा, निरोप घेऊन अनोळखी मुलखातून जाता यावे म्हणून हा सराव असे. सामान्य लोकांसाठी पहिली स्पर्धा १८९७ च्या ऑक्टोबरात आजच्या ओस्लोजवळ झाली. अवघे आठ स्पर्धक, अंतर साडेएकोणीस किलोमीटर आणि एवढ्या अंतरात कंट्रोल तीन. पण खेळाला खरी गती दिली ती स्वीडनच्या अर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने. तो बालवीर चळवळीतला माणूस. स्टॉकहोममधल्या तरुण पोरांना मैदानातल्या धावण्याचा कंटाळा येऊ लागला आहे, हे त्याने हेरले. गोल गोल धावण्यात मजा नाही ना, मग जंगलात धावा आणि डोके बरोबर घेऊन धावा! १९१९ च्या मार्चमध्ये त्याने स्टॉकहोमजवळ भरवलेल्या स्पर्धेला दोनशेहून अधिक मुले आली. स्वीडिश लोक आजही त्याला या खेळाचा जनक मानतात.

तरी दोन अडचणी होत्या. पहिली होकायंत्राची. जुन्या होकायंत्राची सुई डुगडुगत राही. ती स्थिर होईपर्यंत थांबायचे, मग कोनमापकाने दिशा काढायची, म्हणजे धावणे राहिलेच बाजूला. १९३० च्या सुमारास स्वीडनमध्ये पारदर्शक पट्टीवर बसवलेले, कोनमापक अंगातच असलेले होकायंत्र तयार झाले. टिलांडर आणि शेलस्ट्रम बंधू यांची ही कामगिरी, आणि त्यातून पुढे सिल्वा ही कंपनी उभी राहिली. त्याच दशकात फिनलंडच्या तुओमास वोहलोनेनने सुई द्रवात बुडवून तिची डुगडुग थांबवली. सुंतो कंपनीचा उगम तो. १९३२ मध्ये स्वीडन आणि नॉर्वे हे दोन देश ओस्लोजवळ प्रथमच समोरासमोर आले.

दुसरी अडचण नकाशाची, आणि माझ्यासारख्या कारकुनाला जास्त भुरळ घालणारी ती हीच. सुरुवातीची वर्षे सरकारी किंवा लष्करी नकाशांवर निभावली. पण ते लहान प्रमाणाचे, जुने, आणि स्थानिक पोराला त्यांची गरजच नसे. त्याला जंगल पाठ. पाहुण्या संघाने कितीही पळापळ केली तरी जिंकणार यजमानच. दोन देशांत सामना खरा व्हायचा असेल तर जंगलातली प्रत्येक दरड, प्रत्येक खड्डा, प्रत्येक ओहोळ कागदावर यायला हवा, आणि तोही अशा चिन्हांत की फिनलंडचा माणूस आणि हंगेरीचा माणूस ते एकाच अर्थाने वाचतील. नॉर्वेने १९५० मध्ये खास या खेळासाठी रंगीत नकाशा काढला. पुढे सगळ्या जगासाठी एकच चिन्हावली ठरली.

हे नकाशे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चक्रावलो. आमच्या कचेरीतल्या नकाशात पांढरे म्हणजे काहीच नाही. इथे पांढरे म्हणजे जंगल! धावता येईल असे मोकळे, उंच झाडांचे जंगल. हिरवे म्हणजे दाट झाडी, आणि हिरवा जितका गडद तितकी वाट अवघड. पिवळे म्हणजे उघडा माळ. तपकिरी रेषा उंचसखलपणाच्या, साधारण पाच पाच मीटरच्या अंतराने, शाळेत भूगोलाच्या बाईंनी शिकवलेल्या त्याच समोच्च रेषा. निळे पाणी, काळे खडक आणि वाटा. प्रमाण एकास दहा हजार किंवा पंधरा हजार. माणूस झाडाझुडपांतून ताशी बारा-चौदा किलोमीटर वेगाने धावतो आहे, आणि धावता धावता हे सगळे वाचतो आहे. मी खुर्चीत बसून वाचतो तरी चष्मा पुसावा लागतो.

आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती १९६१ च्या मे महिन्यात, कोपनहेगनला. आपल्यासाठी १९६१ म्हणजे डिसेंबर, गोवा मुक्ती. म्हणून हे साल वाचताना मी जरा थबकलो. दहा देश होते. त्यांत चार नॉर्डिक देश, स्वित्झर्लंड, आणि शिवाय बल्गेरिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया व दोन्ही जर्मनी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि इथे मात्र दोन्ही जर्मनींची माणसे एकाच टेबलाशी बसून जंगलात पळण्याचे नियम ठरवत होती. १९६२ मध्ये नॉर्वेत युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९६६ मध्ये फिनलंडच्या फिस्कार्सला पहिली जागतिक. पुरुषांत नॉर्वेचा ओगे हाडलर, स्त्रियांत स्वीडनची उल्ला लिंडक्विस्ट, आणि सांघिक रिलेची दोन्ही सुवर्णपदके स्वीडनला. १९७० ची जागतिक स्पर्धा तर पूर्व जर्मनीत झाली. ज्या राजवटीत चांगला नकाशा म्हणजे लष्करी गुपित, तिथे परदेशी पाहुण्यांच्या हातात जंगलाचा इत्थंभूत नकाशा दिला गेला!

आपल्याकडे हा खेळ लष्कराबाहेर फारसा का आला नाही, याचे एक उत्तर इथे आहे. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या भागांचे तपशीलवार नकाशे आपल्याकडे कित्येक वर्षे निर्बंधित होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुले नकाशे आणि संरक्षणाचे नकाशे वेगळे केले, आणि २०२१ मध्ये बंधने बरीच सैल झाली. दुसरे उत्तर जमिनीचे. नॉर्वे-स्वीडनमध्ये जंगल कुणाच्याही मालकीचे असो, त्यातून पायी जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे. नॉर्वेत तर १९५७ मध्ये तसा कायदाच झाला. आमच्या कचेरीत येणाऱ्या अर्जांपैकी किती अर्ज पायवाट अडवल्याचे असतात, हे मी इथे लिहीत नाही. असो.

आता राष्ट्रीय संघाचे वर्ष कसे जाते ते पाहू. हिवाळ्यात उत्तरेत बर्फ, दिवस चार-पाच तासांचा. तेव्हा संघ दक्षिणेला उतरतात, स्पेनला, पोर्तुगालला. पोर्तुगालमध्ये कार्निव्हालच्या सुमारास मोठी स्पर्धा भरते. आपण पणजीत किंग मोमोची मिरवणूक बघत असतो, तेव्हा ही मंडळी तिथल्या पाइनच्या रानात धावत असतात. वसंतात निवडचाचण्या. मग क्लबांच्या दोन जत्रा. होय, जत्राच. स्वीडनची तिओमिला, १९४५ पासूनची, रात्रभर चालणारी दहा जणांची रिले. आणि फिनलंडची युकोला, १९४९ पासूनची, सात जणांची. सातच का? तर अलेक्सिस किवी या फिनिश लेखकाच्या 'सात भाऊ' या कादंबरीतले भाऊ युकोला नावाच्या घरातले. कादंबरीवरून रिले! हजारो संघ, मध्यरात्रीच्या सुमारास सुरुवात, प्रत्येकाच्या कपाळावर दिवा. शिगम्याच्या रात्रीसारखी माणसे जागतात, असे मला ते फोटो पाहून वाटले.

यानंतर उन्हाळ्यात जागतिक स्पर्धा. तिची जागा कित्येक वर्षे आधी ठरते, आणि ठरल्या दिवसापासून ते जंगल खेळाडूंना बंद. कुणी चोरून पाय ठेवला तर बाद. मग प्रशिक्षक काय करतात? त्याच देशात त्या जंगलासारखेच दुसरे जंगल शोधतात. तसेच खडक, तशीच झाडी, तसाच उतार. तिथे शिबिरे भरतात. बंद जंगलाचे जुने नकाशे मिळवतात आणि घरी बसून अंदाज बांधतात, संयोजक कंट्रोल कुठे ठेवतील, दोन कंट्रोलमधला मार्ग डावा बरा की उजवा. पोर्शनबाहेरचा प्रश्न येऊ नये म्हणून आपण जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतो, त्यातलाच प्रकार. आणि हे सगळे करणारे बहुतेक जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून. या खेळात पैसा नाही. ऑलिंपिकमध्ये तो अजून नाही.

रिलेत तीन धावपटू, एकाने परत येऊन दुसऱ्याला सोडायचे. इथे एक गंमत असते. सगळ्या संघांना एकच अभ्यासक्रम, पण वेगवेगळ्या क्रमाने. तुमच्या पुढे धावणारा ज्या कंट्रोलकडे चालला आहे तो कदाचित तुमचा नव्हेच. आंधळेपणाने मागे लागाल तर फसाल. तिघांची मिळून बेरीज मात्र सर्वांची सारखी.

आता येतो ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिथे. ती आहे फ्रान्सच्या संघाची.

फ्रान्स या खेळात कधीच मोठा नव्हता. बहुतेक पदके नॉर्डिक देश आणि स्वित्झर्लंड वाटून घेत. २००३ मध्ये स्वित्झर्लंडच्या रापर्सविलला जागतिक स्पर्धा झाली. तिथे घरच्या सिमोन निगलीने स्त्रियांची चारही सुवर्णपदके जिंकली, सगळी वर्तमानपत्रे तिच्यावरच. त्या गर्दीत पुरुषांच्या मध्यम अंतराच्या शर्यतीत सेंट एतिएनचा तिएरी गेऑर्ग्यू नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा पहिला आला. फ्रान्सचा पहिला जगज्जेता. त्यानंतर मध्यम अंतर म्हणजे गेऑर्ग्यू असे समीकरणच होऊन बसले. २००४, २००५, २००७, २००८. शिकण्यासाठी तो उत्तरेकडे गेला, फिनलंडच्या कालेवान रास्ती क्लबकडून युकोला धावला. पण त्याला हवे होते रिलेचे सुवर्ण. एकट्याचे पदक घरात राहते, रिलेचे देशाचे होते.

२००८ ची जागतिक स्पर्धा चेक प्रजासत्ताकात, ओलोमोउत्सला होती. शेवटच्या टप्प्यात गेऑर्ग्यू चांगल्या आघाडीवर. आता फक्त चुकायचे नाही, एवढेच उरले होते. धावताना एक मधमाशी तोंडात शिरली आणि घशात डसली. श्वास अडकला, धावणे संपले. सुवर्ण गेले ब्रिटनला, ज्यांच्याकडून ते कुणी अपेक्षिले नव्हते. ग्रिस्टवुड, डंकन आणि स्टीव्हनसन, त्या तिघांचा आनंद खराच होता, त्यात त्यांचा काय दोष?

पुढचे वर्ष, ऑगस्ट २००९, हंगेरीतले मिश्कोल्त्स. त्याच आठवड्यात गेऑर्ग्यूने मध्यम अंतराचे सुवर्ण पुन्हा जिंकले होते. रिलेचा शेवटचा टप्पा सुरू झाला. पदकांच्या आशेने धावणाऱ्यांत स्वीडनचा मार्टिन योहान्सन, फ्रान्सचा गेऑर्ग्यू, नॉर्वेचा आंदर्स नूर्डबर्ग आणि चेक संघाचा मिखाल स्मोला होते. जंगलात योहान्सनच्या मांडीत एक वाळकी फांदी घुसली. थोडीथोडकी नव्हे, सुमारे बारा सेंटिमीटर खोल. रक्त थांबेना.

गेऑर्ग्यू थांबला. नूर्डबर्ग थांबला. स्मोला थांबला.

तिकडे मैदानात हजारो लोक शेवटच्या वळणाकडे डोळे लावून बसले होते. ज्यांची वाट पाहत होते ते आलेच नाहीत. आले ते दुसरेच, आणि सुवर्णपदक मिळाले स्वित्झर्लंडला. आघाडीवरची माणसे कुठे नाहीशी झाली, हे लोकांना कळायला वेळ लागला. इकडे जंगलात तीन देशांची तीन माणसे चौथ्या देशाच्या माणसाचे रक्त थोपवण्यात आणि त्याला मदत मिळवून देण्यात गुंतली होती. पदके वाटली गेली तेव्हा त्या यादीत फ्रान्स नव्हता, नॉर्वे नव्हता, चेक प्रजासत्ताक नव्हते, आणि स्वीडन तर नव्हताच. निकाल तसाच राहिला. योहान्सन वाचला.

या खेळाच्या नियमपुस्तकात एक वाक्य आहे : जखमी धावपटूला मदत करणे हे प्रत्येक स्पर्धकाचे कर्तव्य आहे. मी नियमांत वाढलेला माणूस. सेवानियम, आचारनियम, रजानियम, परिपत्रके, सगळी पाठ. त्यामुळे कुणी म्हणेल की त्यांनी नियम पाळला, त्यात विशेष काय? पण मला माहीत आहे नियम पाळणे म्हणजे काय असते ते. नियम पाळायला आडवाटेने न पाळण्याची शंभर कारणे समोर असतात. कुणी बघत नव्हते. दुसरा थांबलाच आहे की. वैद्यकीय पथक येईलच. आणि वर्षभराची शिबिरे, मागच्या वर्षीची ती मधमाशी, आपल्या आधी जीव तोडून धावलेले दोन सोबती, हे सगळे पाठीवर.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी सकाळी स्कूटरवरून कचेरीला निघालो होतो. पावसाळ्याचे दिवस, हमरस्त्याच्या उतारावर एक मोटरसायकल घसरून पडली होती. कडेला एक तरुण मुलगा पडलेला, दोघे-तिघे उभे. मी वेग कमी केला. मनात पहिला विचार आला तो मस्टरचा. त्या महिन्यात माझे दोन लेटमार्क झाले होते, तिसऱ्याला अर्ध्या दिवसाची रजा कापली जाणार होती. दोघे-तिघे उभे आहेत ना, मग आपण थांबून काय करणार, असे स्वतःला सांगितले आणि ॲक्सिलरेटर पिळला. साडेनऊला दोन मिनिटे कमी असताना बोट यंत्रावर टेकवले. दुसऱ्या दिवशी पेपर उघडून आधी अपघातांची पाने पाहिली. त्या जागेची बातमी नव्हती. हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची लाज वाटली. त्या मुलाचे काय झाले ते मला आजही माहीत नाही. माझ्यापुढे सुवर्णपदक नव्हते, अर्धी रजा होती.

मिश्कोल्त्सची गोष्ट मी वाचली ती त्यानंतर. पहिल्यांदा वाचली तेव्हा लॅपटॉप बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. बायकोने विचारले, काय झाले? म्हटले, काही नाही, हंगेरीत एकाला लागले होते.

२०१० मध्ये नॉर्वेत ट्रॉनहाइमला फ्रान्सला रिलेचे सुवर्ण पुन्हा हुलकावणी देऊन गेले. सलग तीन वर्षे. आपल्याकडे असते तर एव्हाना कुणी कौल लावून घेतला असता, कुणी गाऱ्हाणे घातले असते.

२०११ ची जागतिक स्पर्धा मात्र फ्रान्समध्येच होती, आल्प्सच्या पायथ्याच्या साव्वा भागात. चुनखडीचे पठार, भेगाळलेले खडक, उंच झाडे, एका पावलावर खड्डा तर दुसऱ्यावर सुळका. नकाशा इतका गजबजलेला की तपकिरी आणि काळ्या रंगाची नुसती खिचडी दिसावी. गेऑर्ग्यूने मध्यम अंतर जिंकले, लांब अंतरही जिंकले. मग रिले. पहिला फिलिप अदाम्स्की, दुसरा फ्रांस्वा गोनों, तिसरा अर्थात गेऑर्ग्यू. या वेळी मधमाशी आली नाही आणि कुणाला लागलेही नाही. फ्रान्सच्या पुरुषांना रिलेचे पहिले सुवर्ण मिळाले, घरच्या माणसांसमोर. तिघांपैकी अदाम्स्की आणि गोनों ही नावे आज फारशी कुणाला आठवत नाहीत. पण शेवटच्या माणसाच्या हाती चांगला डाव देणारे तेच. रिलेचा हिशेब बेरजेचा असतो, हे आमच्यासारख्या टिपणी लिहिणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सही साहेबांची, फाइल मात्र खालून वर चढत आलेली असते.

परवा आजोळी गेलो होतो. ज्या डोंगरावर आम्ही हरवलो होतो तो बसमधून दिसतो. आता त्याचा अर्धा भाग कुंपणात गेला आहे. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून पाहिला. सगळा डोंगर एकसारखा हिरवागार. त्यात ओहोळ दिसत नाही, वारूळ तर नाहीच नाही. तो गुराखी म्हातारा आता नाही, असे मामा म्हणाला.

गेऑर्ग्यू २०१७ पर्यंत धावला. निवृत्त झाल्यावर त्याला एका राष्ट्रीय संघाने आपला प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले. तो संघ फ्रान्सचा नव्हे. स्वीडनचा, ज्या संघाचा मार्टिन योहान्सन त्या दिवशी मिश्कोल्त्सच्या जंगलात पडला होता.